मोटे सरांची बेरी

मोटे सरांच्या टेबलाला लागून माझं टेबल होतं. लोहाऱ्याच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा स्टाफरूमला खिडकी एकच होती, आणि त्या खिडकीखालची जागा मला मिळाली म्हणून मी खूश होते. इतकी चांगली जागा आजवर रिकामी का राहिली, हे विचारायचं काही मला सुचलं नाही. पहिल्या आठवड्यातच कळलं. सरांनी टेबलाचा खालचा खण ओढला की आतून चिलटांचा लोट उठायचा. खणात वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर काळी पडलेली केळी, बुरशी चढलेला टोमॅटो, सुरकुतलेलं वांगं, फुटून चिकट झालेला पेरू असं सगळं हारीनं मांडलेलं. वरून आंबूस, गोडसर वास. ती चिलटं तिथून थेट माझ्या चहावर यायची.

मी सोलापूरच्या ज्या घरात वाढले तिथं ओट्यावर पाण्याचा थेंब राहिला तरी आईच्या कपाळाला आठी पडायची. अशा बाईला देवानं मोटे सरांच्या शेजारी आणून बसवलं.

मारुती मोटे वनस्पतिशास्त्र शिकवायचे. तेरजवळच्या एका वाडीतले. बापाची मेंढरं होती आणि बारावीपर्यंत हेही मेंढरांमागं हिंडलेले. उंच, काटकुळे, बाराही महिने गळ्यात टॉवेल. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलं होतं. ते नख म्हणजे त्यांची सुरी. त्यानं ते फळ चिरायचे, बी उचकटायचे, साल सोलायचे, आणि मग त्याच हातानं माझ्या टेबलावरचा खडू उचलून वर्गावर जायचे. नखाच्या कडेला कायम काहीतरी वाळलेलं असायचं. काय ते बघायची मला कधी हिंमत झाली नाही.

आमची ओळखच टोमॅटोवरून झाली. मी नव्यानं आलेली, हजेरीपट उघडून नावं वाचत होते. समोर तळहातावर पिकून लिबलिबीत झालेला टोमॅटो आला.

"बाई, हे काय हाय?"

"टोमॅटो," मी म्हणाले.

"ते बाजारात. शास्त्रात?"

सरांनी नख रोवलं आणि टोमॅटो उभा फाडला. बिया आणि चिकट पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळून माझ्या हजेरीपटावर टपटपलं.

"बघा. वर साल, आत गर, गरात बिया. मधी कुठं टणक कवची लागली का? न्हाई. ही बेरी! मराठीत मृदुफळ म्हणत्यात, पण त्या शब्दाला चव न्हाई. वांगं बेरी, मिरची बेरी, केळ बेरी, द्राक्ष बेरी. आन् बोर? बोर बेरी न्हाई. आत टणक आठळी लागली की बेरी संपली."

एवढं बोलून त्यांनी तो फाटका टोमॅटो तिथंच तळहातावरून चाटूनपुसून खाल्ला. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ हिरव्या झाडांकडं बघत उभी राहिले.

त्यानंतर डबा उघडायची चोरी झाली. माझ्या पोळीभाजीकडं वाकून ते मोजदाद करायचे. "आज बाईंच्या डब्यात दोन बेऱ्या. भरलं वांगं आन् ठेचा." कुणी द्राक्षं आणली की एक उचलून दाताखाली फोडायचे, बिया तळहातावर थुंकायचे आणि तो तळहात सगळ्यांपुढं फिरवायचे, जणू प्रसादच वाटतायत. "बी मऊ गरात हाय, का टणक घरात हाय, येवढंच बघायचं. बाकी नावं लोकांनी ठिवलेली." इतिहासाचे सर डबा झाकून ठेवायचे. मी जेवायला ग्रंथालयात जायला लागले.

मुलांना मात्र ते आवडायचे. वर्गात किडकं फळ फोडून अळी टेबलावर सोडायचे, मुली किंचाळायच्या, आणि परीक्षेत त्याच मुली आठळीच्या फळाची आकृती न चुकता काढायच्या. मला हे कौतुकाचं वाटायचं नाही. शिकवायला अळी कशाला लागते?

एकदा त्यांना मी विचारलं होतं, "सर, तुम्हाला कधी किळस येतच नाही का?"

"कशाची?"

"कशाचीही."

सरांनी खरोखर आठवून बघितलं. "मेंढी अडली की कोपरापर्यंत हात घालून कोकरू वढायचं असतं, बाई. तिथं किळस करत बसलं तर दोन्ही जात्यात." मग म्हणाले, "आता सवयच न्हाई राहिली." उत्तर पटलं होतं, पण त्यांच्या हातातल्या पेरूवरची माशी पटली नव्हती.

प्राचार्यांच्या नातवाचं बोरन्हाण होतं तेव्हाची गोष्ट. प्राचार्यांची सून पुण्याची, हौशी. तिनं बोरं, हलवा, चुरमुरे यांच्या जोडीला मोठ्या शहरातून स्ट्रॉबेऱ्या मागवल्या होत्या. भिंतीवर कागदाच्या लाललाल स्ट्रॉबेऱ्या चिकटवलेल्या, बाळाच्या अंगात स्ट्रॉबेरीच्या चित्रांचं झबलं. "यंदा आमचं बेरी बोरन्हाण," ती प्रत्येकीला सांगत होती. लोहाऱ्यातल्या बायका जरा दबून, जरा हसून बघत होत्या.

पुरुषांना चहाला बोलावलं होतं. त्यात सर. मी त्यांना दारात बघितलं आणि मला पुढचं सगळं दिसलंच.

सरांनी वाटीतली स्ट्रॉबेरी उचलली, अर्धी दातानं तोडली, उरलेली अर्धी त्या सुनेच्या डोळ्यांपुढं धरली. तिच्यावर त्यांचे दात उमटले होते.

"ताई, ही बेरी न्हाई. देठाच्या टोकाला फुलाची गादी असती न्हवं का, तीच ही फुगून आलीया. हे वरचे बारीक दाणे दिसत्यात का, ती खरी फळं. तुमी फळ समजून देठ खायलात."

"सर, पण नावातच बेरी आहे ना," ती बिचारी म्हणाली.

"नावाचं काय घिऊन बसलात!" मग त्यांनी बाळाच्या डोक्यावरून घरंगळलेलं बोर सतरंजीवरून उचललं, तोंडात टाकलं, चघळलं, आठळी बोटांत धरून वर केली. तिला लाळेची तार लागली होती. "आन् हे बोर. ह्यात बी टणक घरात. हे बी बेरी न्हाई. तुमच्या बेरी बोरन्हाणात बेरी एकच हाय." त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "ते तुमच्या टेबलावरचं केळ."

कुणीतरी हसलं. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. प्राचार्य मोठ्यानं चहाचं विचारू लागले. मला त्या तारेवरून नजर हटवता येत नव्हती. माणूस बरोबर असतो तेव्हा त्यानं तोंड तरी पुसावं, एवढंच माझ्या मनात होतं.

त्याच संक्रांतीनंतर कॉलेजचं शिबिर तेरणा नदीपलीकडच्या एका खेड्यात होतं. मुलं बांधबंदिस्ती करायची, मुली घरोघरी जायच्या. शिक्षकांत सर आणि मी. स्वयंपाकाला गावातली सुमन होती. तिच्या दोन मुली, थोरली आरती आणि धाकटी पिंकी, दिवसभर आमच्या अवतीभोवती असायच्या. आरती दुसरीत होती. पिंकी अजून शाळेत जात नव्हती, पण आरतीच्या मागं मागं सगळीकडं असायची.

चौथ्या का पाचव्या दिवशीची दुपार. जेवणं आवरत होती. पिंकी सुमनच्या मांडीवर येऊन पडली आणि भडाभडा ओकली. पाठोपाठ आरती. सुमननं शेजारचं घमेलं ओढलं. त्या घमेल्यात सकाळी मुलांनी माती वाहिली होती. दोघी आळीपाळीनं त्यात ओकत होत्या. वास असा की आमच्या दोन विद्यार्थिनी तोंड दाबून पळाल्या.

"काय खाल्लं गं? काय खाल्लं?" सुमन आरतीला हलवत होती.

"बोरं," आरती म्हणाली.

तेवढ्यानं सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बोरांचे दिवस, बांधाबांधावर बोरी, पोरं न धुता खातात. कुणी लिंबू आणायला पळालं. सुमननं घमेलं उचललं आणि उकिरड्याकडं निघाली.

"ये! टाकू नगस!"

मोटे सर नदीकडून येत होते, तिथूनच ओरडले. धावत आले आणि तिच्या हातातलं घमेलं जवळजवळ हिसकावून घेतलं. सुमनला काही समजेना. मलाही समजेना. सरांनी एकदा आत बघितलं, मग पिंकीकडं बघितलं. पोर पांढरी पडली होती आणि तिच्या मानेवर थंड घाम होता.

"जीप काढा," सर म्हणाले.

गावात एक जीप होती, ती दारातच उभी होती. मागच्या बाकावर सुमन आरतीला घेऊन, मी पिंकीला घेऊन, आणि समोर सर ते घमेलं मांडीवर घेऊन. रस्ता खडबडीत. प्रत्येक खड्ड्याला ते हिंदकळायचं, सरांच्या पायजम्यावर सांडायचं. पिंकी माझ्या पदरात दोनदा ओकली. मी श्वास तोंडानं घेत होते. मला तिची काळजी होती आणि मला किळसही येत होती. दोन्ही एकाच वेळी, एकीनं दुसरीला जागा करून दिली नाही.

आरोग्य केंद्रातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी चटकन दोघींना खाटांवर घेतलं, पोट दाबून बघितलं, विचारलं.

"बोरं खाल्ली म्हणतायत," मी सांगितलं.

"मग पोट बिघडलंय. सलाइन लावू. संध्याकाळपर्यंत उलट्या थांबतील."

"डॉक्टर, जरा दम खा," मागून सर म्हणाले. "ही बोरं न्हाईत."

ते व्हरांड्यात जमिनीवर बसले होते. घमेलं पायांत धरलेलं. त्यांनी गळ्यातला टॉवेल बादलीवर पसरला होता आणि ते सगळं हळूहळू त्यातून गाळत होते. मग त्यांनी हात घातला. मनगटापर्यंत. बोटांनी चाचपत, एकेक कण अंगठ्याच्या नखानं बाजूला करत. भाताची शितं. डाळ. मिरचीची साल. मी दाराला धरून उभी होते. श्वास अजूनही तोंडानंच घेत होते. पण मी तिथून हलले नाही, कारण त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. पेपर तपासताना असायचा तसाच चेहरा.

"बोर खाणारं लेकरू आठळी थुकतं, साल गिळतं," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होते. "ह्यात बोराची साल एक न्हाई. आन् हे बघा." त्यांनी नखावर एक पांढुरका चुरा वर उचलला. दोन बोटांत चोळला. बोटं तेलकट झाली. नाकाशी नेला. "ह्यो बीचा गर हाय. लेकरांनी वरचं फळ न्हाई खाल्लं, आतलं बी चावून खाल्लंय. बेरीचं बी आसं नसतं, येवढा गर निघत न्हाई. शेंगदाण्यावाणी हाय."

"चंद्रज्योत असेल," डॉक्टर म्हणाले. ते आता सरांच्या शेजारी उकिडवे बसले होते. "मुलं खातात त्या बिया."

"आसल. पण तिचं बी दातानं फुटतं." सर उठले. हात तसेच, कोपरापर्यंत ओघळ. आरतीच्या खाटेपाशी गेले. "आरते, माय, भिऊ नगस. बोरं कशी फोडली? दातानं का दगडानं?"

"दगडानं," आरती पुटपुटली. "लई टणक हुती."

"कुठनं आणली?"

"देवळामागनं. पिवळी फुलं हायत त्या झाडाची."

सर डॉक्टरांकडं वळून म्हणाले, "बिट्टी. पिवळी कण्हेर. आठळी दगडाबिगर फुटत न्हाई. ह्येचं विष काळजावर जातं."

डॉक्टरांनी पिंकीचं मनगट धरलं. मग नळी कानाला लावून तिच्या छातीवर बराच वेळ ऐकत राहिले. डॉक्टर उठले ते थेट फोनकडं गेले. मी एवढंच ऐकलं की ठोके फार हळू पडतायत, मध्येच चुकतायत, गाडी लगेच पाठवा, धाराशिवला कळवून ठेवा.

गाडी आली. सुमन दोघींबरोबर गेली. जाता जाता ती सरांच्या पाया पडायला वाकली आणि सर मागं सरकले. "माझ्या हाताला लागू नगस, घाण हाय," असं म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मग ते नळाखाली बसले. साबण नव्हता. मातीनं हात घासत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "लेकरं चुकली न्हाईत."

"म्हणजे?"

"बोर बी आठळीचं. बिट्टी बी आठळीची. वर गर, आत टणक घर, घरात बी. दोन्ही फळं एकाच जातीची. लेकरांनी बराबर वळखलं. बराबर वळखलं म्हणूनशान तोंडात घातलं." पाणी वाहत होतं. "म्या वर्गात येवढा बोंबलतो. बेरी कुठली, आठळी कुठली. खायचं कुठलं आन् मरायचं कुठलं, हे कवा सांगितलं न्हाई. ते शास्त्रात येत न्हाई म्हणलो."

त्यांची समजूत घालावी असं वाटलं, पण त्यासाठी जवळ जावं लागलं असतं.

आरती दुसऱ्या दिवशी उठून बसली. पिंकीचं मात्र तीन दिवस काही खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सुमनचा फोन आला, पोरीनं चहात बुडवून बिस्कीट खाल्लं म्हणून. सर तेव्हा मुलांना घेऊन देवळामागं होते. झाड तोडू दिलं नाही त्यांनी. "झाड न्हाई तोडायचं, सांगायचं," असं म्हणून गावातली सगळी पोरं झाडाखाली बसवली, दगडानं बिट्टी फोडली आणि आतली बी प्रत्येकाला दाखवली. त्यानंतर दर वर्षी त्यांचा पहिला तास विषारी फळांचा असे.

ही हकिगत कॉलेजात पोचली आणि मग खरी किळस सुरू झाली. ज्यांनी सरांच्या जवळ बसून कधी चहा घेतला नव्हता ते "देवमाणूस, देवमाणूस" करू लागले. इतिहासाचे सर ओकारीचं वर्णन स्वतः तिथं असल्यासारखं करायचे, तेही जेवताना. संस्थेच्या अध्यक्षांनी सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ. अध्यक्षांनी भाषण केलं. आमच्या संस्थेचे संस्कार, आमच्या शिबिराची परंपरा, आणि "विषारी बेऱ्या खाल्लेल्या दोन चिमुकल्यांना आमच्या प्राध्यापकांनी..."

"बेऱ्या न्हाई, साहेब," सर खुर्चीतूनच म्हणाले.

अध्यक्ष थांबले. "काय?"

"आठळी हुती. बेरी आसती तर दगड लागला नसता, आन् दगड लागला नसता तर मला कळलंच नसतं. तेवढं नीट सांगा, लेकरं ऐकायलीत."

सभागृहात मुलं हसली. अध्यक्षांचा चेहरा त्या लाल शालीच्या रंगाचा झाला. त्यांनी भाषण तिथंच आवरलं, आणि पुढं सरांना मिळायची होती ती विभागप्रमुखाची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. सरांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सत्काराचा नारळ त्यांनी खणात ठेवला. तो नासला.

मी माझं टेबल बदलून मागितलं नाही. पण मी बदलले असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. ते निवृत्त होईपर्यंत मी ग्रंथालयातच जेवले. त्यांनी दिलेला पेरू घरी नेऊन गाईला घातला. निरोपाच्या दिवशी त्यांनी हात पुढं केला तेव्हा मी नमस्कार केला. ते हसले. बहुतेक त्यांना कळत असावं. त्यांना त्याचं काही वाटत असावं असं मला कधी दिसलं नाही.

त्यानंतर एकदाच दिसले. नवरात्र नुकतंच संपलं होतं आणि मी एसटीनं सोलापूरहून येत होते. तुळजापुरात गर्दीमुळं गाडी आडवाटेनं वळवली. लॉजांच्या मागं उतरंडीला कचऱ्याचा ढीग होता. नऊ दिवसांचा. पत्रावळी, कुजलेली फुलं, उपासाची केळी, पपयांच्या साली. वर घारी. त्या ढिगात, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, मोटे सर उभे होते. पाठ पूर्वीपेक्षा वाकलेली. त्यांनी ढिगातून एक अर्धी पपई उपसली, उन्हाकडं धरली आणि डोळे बारीक करून आत बघत राहिले. काळ्या बिया त्यांच्या बोटांवरून खाली गळत होत्या.

गाडी तिथंच अडकली. वास आत आला. लोकांनी नाकाला रुमाल लावले.

शेजारी बसलेली म्हातारी बाई पदर तोंडावर धरून माझ्या अंगावरून खिडकीबाहेर वाकली. "आगं बया! कोण येडं हाय वो ते?"

"येडं नाही," मी म्हणाले. "आमचे सर आहेत."

आणि खिडकीची काच लावून घेतली.